चरबीच्या बळावर आलेली धाड

छप्पन्नाच्या दुष्काळातून मुंबई इलाखा अजून सावरला नव्हता. १८९६ पासून प्लेग शहरांतून गावांत आणि गावांतून वाड्यांत फिरत होता. १८९९-१९०० मध्ये, म्हणजे त्या छप्पन्न सालात (विक्रम संवत १९५६), पावसाने दगा दिला, गुरे दावणीला मेली, पेरणीसाठी राखलेले दाणे कित्येक घरांत पोटात गेले. त्यानंतर पाऊस बरा झाला, शेते पुन्हा हिरवी दिसू लागली आणि १९०१ पासून त्या हिरवळीवर टोळांचे थवे उतरू लागले.

म्हाताऱ्या माणसांना ही आपत्ती नवी नव्हती. पश्चिम भारतात १८३५ ते १८४५, मग १८६४ ते १८६६ आणि पुढे १८७८ ते १८८४ अशा तीन काळांत टोळांनी ठाण मांडले होते. १८८२-८३ च्या धाडीत दख्खनबरोबर कोकणही सापडले होते. चौथी धाड १९०१ ला सुरू झाली आणि १९०८ पर्यंत टिकली. राजस्थान-सिंधच्या वाळवंटातून येणारा टोळ वेगळा. ही धाड घालणारा टोळ याच मुलखातला होता, पावसाळी गवताच्या प्रदेशात वाढणारा. शास्त्रज्ञांनी त्याला ‘मुंबई टोळ’ असेच नाव दिले. त्याचे शास्त्रीय नाव पटांगा सक्सिंक्टा.

या धाडींचा इतिहास बहुधा बुडालेल्या पिकांच्या आणि माफ झालेल्या साऱ्याच्या भाषेत लिहिला जातो. ते योग्यच आहे, कारण उपाशी राहिली ती माणसे होती. पण त्या इतिहासाला आणखी एक धागा आहे. दोन-तीन ग्रॅम वजनाचा एक कीटक शेकडो मैल उडतो, चार-पाच महिने जंगलात काढतो आणि तरीही जूनमध्ये अंडी घालण्याइतका धडधाकट राहतो, ही शिदोरी तो कुठून आणतो आणि कशी वाहून नेतो? उत्तर चरबीत होते. ते हाती यायला सुमारे ऐंशी वर्षे लागली. सुरत, कोपनहेगन, बडोदा, इस्रायल, साप्पोरो आणि लंडन अशा दूरदूरच्या ठिकाणी त्याचे तुकडे सापडत गेले.

*

१९०३ मध्ये हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय हा पंचविशी ओलांडलेला इंग्रज कीटकशास्त्रज्ञ हिंदुस्थान सरकारच्या नोकरीत रुजू झाला. आधीचे कीटकशास्त्रज्ञ लायनेल डी निसेव्हिल १९०१ मध्ये वारले होते. लेफ्रॉयने सुरतेला मुक्काम ठेवला आणि मुंबई टोळाचा छडा लावण्याचे काम हाती घेतले. १९०३-०४ च्या या तपासाचा अहवाल १९०६ मध्ये कृषी खात्याच्या संशोधन-मालिकेत प्रसिद्ध झाला. शंभरावर पानांच्या या अहवालाने पहिल्यांदा टोळाचे अख्खे वर्ष कागदावर मांडले.

ते वर्ष असे चाले. पावसाळा सुरू होताच, ओल्या झालेल्या जमिनीत मादी पोटाचे टोक खुपसून अंडी घाले. सुमारे महिन्याभराने पिले बाहेर पडत. त्यांना पंख नसत, ती उड्या मारत गवत आणि उभी पिके खात. दोनेक महिन्यांत अनेकदा कात टाकून ती मोठी होत आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांना पंख फुटत. पाऊस ओसरला, वारा ईशान्येकडून वाहू लागला की नवे पंखवाले टोळ थव्याथव्याने सह्याद्रीकडे सरकत. तिथल्या जंगलांत हिवाळा जाई. या दिवसांत त्यांचा रंग तांबूस होई. उन्हाळ्यात थवे पुन्हा हलत आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याबरोबर पूर्वेला आणि उत्तरेला दूरवर पांगत. तिथे पाऊस पडला की पुन्हा अंडी. वर्षाला एकच पिढी.

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला हे वेळापत्रक कसे जाणवले असेल, हे नकाशा पाहिला की कळते. मंडणगड तेव्हा स्वतंत्र तालुका नव्हता, दापोली तालुक्यातला तो पेटा होता. उत्तरेला सावित्रीची खाडी, तिच्या मुखाशी बाणकोट, मधे भारजा नदीचे खोरे आणि पूर्वेला महाड-पोलादपूरच्या पलीकडे सह्याद्रीची भिंत. या मुलखात हळवे भात दसऱ्याच्या आगेमागे कापणीला येते, गरवे त्यानंतरही उभे असते आणि डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी पिकते. म्हणजे देशावरचे टोळ पंख फुटून घाटाकडे निघत, नेमक्या त्याच आठवड्यांत कोकणातल्या माणसाचे वर्षाचे धान्य अजून शेतात असे. कापणी चार दिवस मागे पडली की हिशेब बदले. दुष्काळ हळूहळू कळतो, टोळाची चाहूल लागेपर्यंत तो शेतात उतरलेला असतो.

लेफ्रॉयच्या उपायांत चमत्कार काही नव्हता. टोळ उडायला लागण्याआधीच त्याला गाठावे, हे त्याचे मुख्य सूत्र. पिले गवतात असताना मोठ्या झोळ्या ओढून ती गोळा करायची, अंड्यांच्या जागा शोधायच्या आणि थंडीच्या दिवसांत गारठून बसलेले प्रौढ टोळ झाडांवरून झोडपून पाडायचे. या सगळ्यासाठी माणसे लागत आणि ती खेड्यांतूनच उभी राहत. धाड १९०८ च्या सुमारास ओसरली. त्यानंतर मुंबई टोळाचे तसे मोठे थवे भारतात पुन्हा आले नाहीत.

लेफ्रॉय पुढे बिहारमधल्या पुसा येथे इंपीरियल एंटमॉलॉजिस्ट झाला. ‘इंडियन इन्सेक्ट लाइफ’ हा त्याचा १९०९ चा ग्रंथ दीर्घकाळ वापरात राहिला. १९१२ मध्ये तो मायदेशी परतला आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजात कीटकशास्त्राचा प्राध्यापक झाला. वेस्टमिन्स्टर हॉलच्या छताचे लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यांवर त्याने औषध शोधले. १९२५ मध्ये प्रयोगशाळेत विषारी वायूवर काम करताना त्याच वायूने त्याचा जीव घेतला. टोळाचे वर्ष त्याने लिहून ठेवले होते. त्या वर्षाच्या पोटातला हिशेब मात्र त्याच्या काळातल्या साधनांना पेलणारा नव्हता.

*

तो हिशेब पहिल्यांदा मांडला गेला डेन्मार्कमध्ये. १९२० चे नोबेल मिळवलेले शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग आयुष्याच्या शेवटच्या पर्वात कीटकांच्या उडण्याकडे वळले. त्यांच्या सोबतीला टॉर्केल वाइस-फो हा तरुण संशोधक होता. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते आणि आफ्रिका-आशियात वाळवंटी टोळांनी उच्छाद मांडला होता. लंडनमध्ये टोळांवरच्या संशोधनासाठी खास केंद्र चालत होते. टोळ किती वेळ आणि किती दूर उडू शकतो, हा प्रश्न आता राज्यकर्त्यांच्या कामाचा झाला होता.

क्रोग आणि वाइस-फो यांनी टोळांना फिरत्या चक्रावर टांगून उडत ठेवले आणि ते किती प्राणवायू घेतात, किती कार्बन डायऑक्साइड सोडतात, हे मोजले. या मोजमापातली युक्ती सुंदर आहे. शरीर साखर जाळत असेल, तर बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड आणि आत घेतलेला प्राणवायू यांचे प्रमाण १ येते. चरबी जाळत असेल, तर ते ०.७ च्या जवळ उतरते. प्राण्याला हात न लावता, नुसत्या श्वासावरून त्याच्या आत काय जळते आहे ते सांगता येते. फळमाशीवर हे आधीच करून पाहिले गेले होते आणि तिथे उत्तर निखळ साखर असे आले होते.

टोळाचे उत्तर वेगळे निघाले. उड्डाणाच्या आरंभी तो साखर जाळतो, पण थोड्याच वेळात आकडा खाली घसरू लागतो. क्रोग १९४९ मध्ये वारले. दोघांच्या नावाचा निबंध १९५१ मध्ये आला आणि १९५२ मध्ये वाइस-फोने उडणाऱ्या टोळांच्या चरबी-ज्वलनावर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. लांब पल्ल्याच्या उड्डाणात टोळाला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ८० ते ८५ टक्के चरबीतून येते, असा त्याचा निष्कर्ष होता.

यामागचे गणित सोपे आहे. एक ग्रॅम साखरेतून साधारण ४ किलोकॅलरी मिळतात, एक ग्रॅम चरबीतून ९. शिवाय शरीरात साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपाने ठेवला तर त्याला पाणी चिकटून येते आणि ते ओझे उडताना वाहावे लागते. चरबी कोरडी असते. ज्याला फुलावरून फुलावर जायचे आहे, त्याला साखर पुरते. ज्याला खानदेशातून सह्याद्री गाठायचा आहे, त्याला ती पुरत नाही.

याच सुमारास बडोद्यातही हाच प्रश्न दुसऱ्या दिशेने विचारला जात होता. सयाजीराव गायकवाडांच्या नावाने १९४९ मध्ये उभ्या राहिलेल्या विद्यापीठात जे. सी. जॉर्ज यांनी प्राणिशास्त्र विभागात उडण्याच्या स्नायूंवर संशोधन उभे केले. चरबी फोडणारे लायपेज हे विकर पक्ष्यांच्या आणि कीटकांच्या उडणाऱ्या स्नायूंत किती सक्रिय असते, हे त्यांच्या विद्यार्थ्यांनी एकामागून एक प्राणी घेऊन तपासले. भोरडीवरचे त्यांचे काम विशेष लक्षात राहण्याजोगे आहे. हिवाळ्यात आपल्याकडे थव्याने येणारा हा गुलाबी पाठीचा पक्षी वसंतात परतण्यापूर्वी अंगावर चरबी चढवतो. त्याच्या मूळ प्रदेशात आणि वाटेत टोळ हे त्याचे आवडते खाद्य. टोळाने गवतापासून जमवलेली चरबी भोरडीच्या छातीच्या स्नायूंत जळते, असे म्हणायला हरकत नाही. जगाच्या टोळ-संशोधनाच्या इतिहासात बडोद्याचे नाव क्वचित घेतले जाते. ते घेतले जायला हवे.

*

चरबी जळते हे कळले. पण ती स्नायूंपर्यंत पोहोचते कशी? तेल पाण्यात मिसळत नाही आणि टोळाचे रक्त मुख्यतः पाणीच आहे. ते आपल्यासारखे नळ्यांतून वाहत नाही, शरीराच्या पोकळीत मोकळे हेलकावत असते. माणसात आतड्यातून शोषलेली चरबी आधी लसिकावाहिन्यांत जाते. कीटकांत त्या वाहिन्या नाहीत. यकृत नाही, पित्ताशय नाही, म्हणून चरबीचे बारीक कण करणारे पित्तही नाही. तरीही त्यांचे काम अडत नाही.

टोळाने गवताचे पाते कुरतडले की ते आधी अन्ननलिकेच्या फुगीर पिशवीत जाते आणि तिथून मध्यांत्रात. मध्यांत्राच्या तोंडाशी बोटांसारख्या पोकळ पिशव्यांचे एक कडे असते. पचन आणि शोषण यांचे बरेच काम तिथे होते. आतड्याच्या पेशी लायपेज सोडतात. पित्ताऐवजी मेदाम्ले आणि अमिनो आम्ले यांच्या जोडणीतून बनलेले, साबणासारखे वागणारे पदार्थ चरबीचे कण फोडतात. इस्रायलमध्ये हॅना वाइनट्रॉब आणि अलिसा टिएट्झ यांनी टोळाला चरबी भरवून तिचा मार्ग शोधला आणि १९७३ मध्ये तो प्रसिद्ध केला. चरबीचा रेणू आतड्यात फुटतो, त्यातली मेदाम्ले आतड्याच्या पेशी आत घेतात, ती पुन्हा जोडली जातात आणि डायग्लिसराइड (दोन मेदाम्लांचा मेद) या रूपात रक्तात सोडली जातात. फिनलंडमध्ये सेप्पो टुरुनेन यांनी याच काळात कोबीवरच्या फुलपाखराच्या अळ्यांत हीच वाट तपासली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. गवताच्या पात्यात चरबी थोडीच असते आणि तीही बहुतेक पानातल्या हरितकणांच्या पडद्यांत. टोळाच्या अंगावरची चरबी सगळी तशीच्या तशी जेवणातून येत नाही. मोठा वाटा त्याने पिष्ट आणि साखर यांपासून स्वतः बनवलेला असतो. हा कारखाना आणि हे कोठार एकाच ठिकाणी असते, पोटाच्या पोकळीत पसरलेल्या फिकट, मऊ मेदपिंडात. आपल्या यकृताची आणि आपल्या चरबीच्या थराची अशी दोन्ही कामे तो एकटा करतो. ऑक्टोबरातल्या पंखवाल्या टोळाच्या पोटात भात आणि नाचणी याच रूपाने जमा झालेली असतात.

कोठारातून चरबी बाहेर कशी निघते, हे पहिल्यांदा टिएट्झ यांनीच दाखवले. १९६२ मध्ये त्यांनी टोळाचा मेदपिंड शरीराबाहेर काढून टोळाच्याच रक्तद्रवात ठेवला. तेव्हा चरबी पिंडातून द्रवात उतरली. रक्तातले काहीतरी तिला उचलून नेत होते. दोन वर्षांनी अमेरिकेत हारुओ चिनो आणि लॉरेन्स गिल्बर्ट यांनी एक अनपेक्षित गोष्ट मांडली. मेदपिंडातून बाहेर पडते ते डायग्लिसराइड. सस्तन प्राण्यांत चरबीचा साठा मोकळ्या मेदाम्लांच्या रूपात सुटतो, म्हणून कीटकांतही तसेच असेल असे गृहीत धरले गेले होते. पुराव्यापुढे ते टिकले नाही.

चिनो जपानला परतले आणि साप्पोरोच्या होक्काइदो विद्यापीठात त्यांनी रक्तातल्या त्या वाहकाचा पाठपुरावा सोडला नाही. १९८१ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची रचना आणि गुणधर्म प्रसिद्ध केले आणि त्याला लिपोफोरिन असे नाव दिले. प्रथिने आणि मेद यांचा हा कण आतून तेलकट आणि बाहेरून पाण्याला चालणारा असतो. त्याची खरी नवलाई त्याच्या वागण्यात आहे. माणसाच्या रक्तातले चरबीवाहक कण बऱ्याचदा पेशी गिळते आणि आत नेऊन मोडते. लिपोफोरिन मोडले जात नाही. मंडणगड तालुक्यातल्या वेसवीहून बागमांडल्याला जाणारी फेरीबोट सावित्रीच्या पलीकडे माणसे-गाड्या उतरवते आणि तीच बोट पुन्हा नव्या खेपेला निघते, तसे लिपोफोरिन आतड्याकडून किंवा मेदपिंडाकडून चरबी घेते, स्नायूंना देते आणि परत फिरते. नवा वाहक बनवण्याचा खर्च वाचतो. तासन्‌तास उडणाऱ्या प्राण्यासाठी ही बचत फार मोठी आहे.

*

एक दुवा अजून निसटत होता. कोठाराचे दार उघडण्याचा हुकूम कोण देते?

१९६९ मध्ये याचे उत्तर एकाच वेळी दोन ठिकाणी आले. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला मेयर आणि कँडी आणि हॉलंडमध्ये बेनाकर्स यांनी टोळाच्या मेंदूमागच्या इवल्याशा ग्रंथींकडे बोट दाखवले. या ग्रंथींचा अर्क बसलेल्या, न उडणाऱ्या टोळाला टोचला तरी त्याच्या रक्तात चरबीचे प्रमाण वाढे. उड्डाणातही तेच घडत होते. टोळ हवेत गेला की काही वेळाने रक्तातली चरबी कित्येक पट होते आणि लिपोफोरिनचे कण फुगून जास्त माल वाहू लागतात.

हा संदेश नेमका कसला आहे, हे १९७६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आले. स्टोन, मॉर्ड्यू, बॅटली आणि मॉरिस यांनी अवघ्या दहा अमिनो आम्लांच्या या साखळीचा क्रम लावला. अॅडिपोकायनेटिक हॉर्मोन म्हणजे चरबी हलवणारे संप्रेरक. हे काम लंडनच्या इंपीरियल कॉलेजात झाले, जिथे सहा दशकांपूर्वी हिंदुस्थानातून परतलेल्या लेफ्रॉयने कीटकशास्त्र शिकवले होते. सुरतेला सुरू झालेला प्रश्न आणि त्याचे रासायनिक उत्तर एकाच संस्थेच्या छपराखाली यावे, याला योगायोगच म्हणावे लागेल. तरी तो नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

क्रम हाती आल्यावर एक नाते उघड झाले. कोळंबीच्या अंगावरचा लाल रंग आवळून घेणारे एक संप्रेरक १९७२ मध्ये ओळखले गेले होते आणि त्याची साखळी टोळाच्या या साखळीशी फार जुळत होती. समुद्रातल्या कोळंबीचा रंग आणि आकाशातल्या टोळाचे इंधन एकाच घराण्यातल्या रेणूंच्या हाती आहे. पुढे हे घराणे इतर असंख्य कीटकांतही सापडले.

आता लेफ्रॉयने नोंदलेले वर्ष पुन्हा वाचता येते. पावसाळ्यात पिलू खाते, ते केवळ वाढण्यासाठी नसते. पंख फुटल्यानंतरच्या दिवसांत मेदपिंड भरतो. वारा फिरला की पहिली झेप साखरेवर आणि पुढचे अंतर चरबीवर कापले जाते. सह्याद्रीत हिवाळा निघतो तेव्हा अंडाशय निजलेले असतात. पावसाळा जवळ येतो तसे ते जागे होतात आणि तेच लिपोफोरिन आता चरबी स्नायूंऐवजी अंड्यांच्या बलकात पोहोचवू लागते. जूनच्या ओल्या मातीत घातलेल्या अंड्यात गेल्या वर्षीच्या शेताचा अंश असतो. उड्या मारणाऱ्या पिलांनाच गाठा, हा लेफ्रॉयचा आग्रह शरीरक्रियेच्या अंगाने किती बरोबर होता, तेही इथे दिसते. त्या अवस्थेत टोळाकडे भूक असते, पण पळून जाण्यासाठी पंख नसतात आणि दूर जाण्याचे इंधनही अजून साठलेले नसते.

*

या ज्ञानाचा शेतीला फायदा झाला का? झाला, पण आडवाटेने. अॅडिपोकायनेटिक हॉर्मोनची नक्कल करणारे कीटकनाशक बनवावे, अशी आशा अनेकांनी धरली होती. बाजारात मात्र वेगळीच गोष्ट आली. १९८९ मध्ये सुरू झालेल्या एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पातून मेटारायझियम ही टोळांवरच वाढणारी बुरशी फवारणीसाठी तयार झाली. तिचे बीजाणू पाण्यात न मिसळता तेलात मिसळतात, कारण टोळाचे कवच मेणकट असते आणि तेल त्याला चटकन धरते. बुरशीची लागण झालेला टोळ मरण्याआधीच उडण्याची ताकद गमावू लागतो, कारण त्याच्या रक्तातली साखर आणि चरबी बुरशी ओरबाडून घेते. रासायनिक विषांनी मधमाश्या आणि पक्षी मरतात. हा उपाय त्यांना सोडून टोळाला गाठतो. तो अजून जितका वापरला जायला हवा तितका वापरला जात नाही, ही खंत आहे.

मे २०२० मध्ये महाराष्ट्राला पुन्हा टोळ दिसले. मध्य प्रदेशातून आलेले वाळवंटी टोळांचे थवे अमरावती आणि नागपूर जिल्ह्यांत उतरले, मोर्शी-वरूड आणि काटोलच्या संत्र्यांच्या पट्ट्यात शेतकऱ्यांनी थाळ्या वाजवल्या, रात्री अग्निशमन बंबांनी फवारण्या केल्या. टाळेबंदीच्या त्या दिवसांत ही बातमी अविश्वसनीय वाटली. त्या साली राजस्थानात टोळ आले तेव्हा तिथे पुरेशी हिरवळ नव्हती. अजून अंडी घालण्याच्या अवस्थेला न आलेले, गुलाबी रंगाचे कोवळे थवे अन्नाच्या शोधात वाऱ्याबरोबर पूर्वेकडे सरकत राहिले. वाळवंटी टोळांचा थवा अनुकूल वाऱ्यात दिवसाला शंभरावर किलोमीटर जाऊ शकतो. १९८८ मध्ये तर पश्चिम आफ्रिकेतून उडालेले टोळ अटलांटिक ओलांडून कॅरिबियन बेटांवर पोहोचले होते. एवढे अंतर केवळ चरबीवर निभत नाही, वाऱ्याची साथ लागतेच. पण वाऱ्यावर स्वार राहण्यासाठी पंख हलत ठेवावे लागतात आणि ते काम चरबी करते.

मुंबई टोळ स्वतः नाहीसा झालेला नाही. त्याचे थवे पुन्हा उठले ते भारतात नव्हे, थायलंडमध्ये. १९६० च्या दशकात तिथे जंगले तोडून मक्याची लागवड वाढली आणि हा टोळ मक्यावर तुटून पडला. विमानांतून केलेल्या फवारण्या पुरेशा ठरल्या नाहीत, तेव्हा सत्तरच्या दशकाच्या शेवटी लोकांना तो खाण्याचे आवाहन करण्यात आले. ते लोकांनी इतके मनावर घेतले की तळलेला ‘पटांगा’ आज थायलंडच्या बाजारात विकत मिळतो आणि काही शेतकरी त्याच्यासाठी मका लावतात. मेदपिंड भरलेला टोळ खमंग लागतो, हे तिथल्या हातगाडीवाल्यांना कुठल्याही निबंधाविना ठाऊक आहे.

वाइस-फोपासून स्टोनपर्यंतच्या बहुतेक प्रयोगांत वाळवंटी टोळ आणि स्थलांतरी टोळ वापरले गेले. मुंबई टोळाची पाळी उशिरा आली, तीही जपानमध्ये. दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवरच्या उसात हा टोळ राहतो. नव्वदच्या दशकात सेइजी तानाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला वेगवेगळ्या लांबीच्या दिवसांत ठेवून अंडाशयांची वाढ तपासली. प्रौढ टोळ अंडी घालण्यास केव्हा तयार होतो, हे दिवसाच्या लांबीवर ठरते, असे त्यांच्या कामातून दिसले. हिवाळाभर अंडी न घालता थांबणाऱ्या थव्यांची जी नोंद सह्याद्रीत १९०३-०४ मध्ये झाली होती, तिला अशा रीतीने त्याच जातीच्या टोळावर केलेल्या मोजमापाचा आधार मिळाला.